सहादाती रिव्हॉल्व्हर

मी एक जुनं रिव्हॉल्व्हर बोलतोय. घाबरू नका, हात खाली घ्या. माझ्या पोटात गोळी नाही, नुसती गोष्ट आहे.

जन्म विलायतेतल्या कारखान्यात. शिक्षण म्हणाल तर अंगावर कोरलेली चार अक्षरं, तीही मला वाचता येत नाहीत. बोटीतून आलो, कुणाकुणाच्या कमरेला लटकलो आणि शेवटी मोलगीकडच्या एका रेंजरसाहेबांच्या हाती पडलो. साहेब भारी शूर. जन्मात एकदाच सापावर गोळी झाडली, ती स्वतःच्याच रांजणाला लागली. साप पाणी पिऊन गेला.

पुढे मी फक्त पाहुण्यांपुरता उरलो. चहा आला की साहेब मला काढायचे आणि रिकामा घोडा टक् टक् पाडून दाखवायचे. पाहुण्याच्या बशीतला चहा मांडीवर सांडला की मला असं हसू यायचं! पण त्या टकटकीत माझ्या घोड्याच्या नाकावरची टोचणी मोडली. ती गोळीच्या बुडाला टोचली तरच बार उडतो. साहेब गेले आणि त्यांच्या लेकीने, यामिनीताईंनी, मला नंदुरबारला अमृतशेठच्या बंदुकांच्या दुकानात जमा केलं.

तिथे माझ्या नळीत कोळ्याने बिऱ्हाड केलं. एका वर्षी शेठ दुकान बंद करायला निघाले. दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर मी सरकारजमा आणि मग भट्टीत. म्हातारपणी वितळून कुणाच्या चपलेचा खिळा व्हायचं, हे काही मला पटेना.

अशात एका सकाळी तापीकाठचे केळीवाले बन्सीलाल पाटील आले. पांढराशुभ्र सदरा, खिशात कोरं लायसन्स. चुलतभावाच्या कमरेला रिव्हॉल्व्हर असल्यामुळे लग्नात त्याला पुढची खुर्ची मिळते, हे पाहून त्यांच्या पोटात दुखत होतं. सोबत शांतीबाई. त्यांनी घरूनच बजावून ठेवलं होतं. मागच्या वेळी पाटलांनी म्हातारा बैल गळ्यात बांधून घेतला होता ना!

"म्हातारं जनावर घरमा नको," त्या दुकानाच्या पायरीवर पुन्हा म्हणाल्या.

पाटलांना बैलांतलं सगळं कळतं, रिव्हॉल्व्हरमधलं काही नाही. तरी कळत नाही असं म्हणणारा पुरुष मी अजून पाहिला नाही. त्यांनी मला उचललं, पाठीवरून हात फिरवला, बुडाला थाप मारली, बैलाला बघतात तसा अंगावर भोवरा आहे का तेही पाहून घेतलं. आठ दिवस घरी बांधून बघतो, नाही पटलं तर परत आणतो, असं म्हणाले. कायद्यात असं बसत नाही, हे समजावताना शेठना घाम फुटला. शेवटी शेठनी माझी मान खाली वाकवून चक्री उघडून दाखवली. चक्रीला गोळ्यांची सहा भोकं. पाटलांचे डोळे चमकले. बैलाचं वय दातांवरून कळतं ना, सहा दात म्हणजे तरणा, आठ आले की पुरता वाढलेला.

"देख, मोजी ले. सहा दात. सहादाती शे, एकदम जवान!"

माझं वय त्यांच्या आजोबांएवढं. पण जवान म्हटल्यावर कोण नाही म्हणतं?

शांतीबाईंनी चक्रीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मला फुंकणीसारखं धरून, नळीला तोंड लावून जोरात फुंकर मारली. कोळी, त्याचं जाळं आणि रेंजरसाहेबांच्या काळापासूनची काजळी, सगळं पाटलांच्या सदऱ्यावर. इतक्या वर्षांत माझा पहिला नेम लागला!

शेठ मात्र सरळ माणूस. माझी टोचणी मोडली आहे, हे त्यांनी सांगूनच टाकलं. झालं, मला भट्टीची धग लागायला लागली. पाटलांचं तोंड उतरलं. शेठ घाईघाईने म्हणाले, कारागिराकडून बसवून देतो, मग बार उडेल.

तेवढ्यात शांतीबाईंनी मला नीट, आवडीने पाहिलं.

"राहू द्या शेठ. हाईच द्या, शे तसंच."

"अन दुरुस्ती?" पाटील म्हणाले.

"तुम्हीच सांगं ना, सहादाती शे म्हणून. कोवळ्या जनावरले जड काम लावतस का? आठ दात यवू द्या, मंग दुरुस्त करू."

पाटलांनी खिशातलं लायसन्स काढून शेठपुढे ठेवलं. शेठ पावती लिहायला वळले, हसू लपवायला.

आता माझा मुक्काम शांतीबाईंच्या कपाटात, लुगड्यांच्या घडीत. लग्नात पाटलांच्या कमरेला मी असतो, त्यांना पुढची खुर्ची मिळते आणि बार उडत नसल्यामुळे मांडवाला भोकही पडत नाही. पोळ्याला बैलांबरोबर मलाही कुंकू लागतं, पुरणपोळीचा घास दाखवतात. त्या दिवशी पाटील इकडेतिकडे पाहून हळूच माझी चक्री उघडतात आणि मोजतात. दाराआडून शांतीबाई विचारतात, "किती व्हयनात?"

"सहाच," पाटील म्हणतात.

तेव्हा मंडळी, एवढंच मागणं आहे. कधी तापीकाठी आलात, पाटलांनी कौतुकाने मला दाखवलं, तर माझं वय विचारू नका.