सिंधु मॅडमचा तास

"आता आवाज बंद करून बघू," गुरुबसप्पा सर म्हणाले.

नांदेडच्या प्रशिक्षणात ही त्यांची रीतच होती. कॉलेजात शिकवणाऱ्यांनी आपल्या एका तासाचं चित्रीकरण आणायचं, आधी आवाजासकट आणि मग मुक्यानं, सगळ्यांनी मिळून पाहायचं. आज पाळी सिंधुची. अहमदपूरच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. तिनं आपला सगळ्यांत आवडता धडा निवडला होता. मोबाइल धरायला रूपाली नावाच्या विद्यार्थिनीला उभं केलं होतं, आणि वर्गाला बजावलं होतं, "आज मधे कुणी बोलायचं नाही बरं का."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. शेजारचे दयानंद सर म्हणाले होते, "मॅडम, एवढी शांतता आमच्या वर्गात फकस्त सुट्टीच्या दिवशी असती."

आता पडद्यावर सिंधुचे नुसते ओठ हलत होते. तिसऱ्या बाकावर एका मुलीचा हात वर गेला. खाली आला. पुन्हा वर गेला. पडद्यावरच्या सिंधुनं तिच्याकडं पाहिलं, गोड हसली आणि हवेत थोपटल्यासारखं करून तिला गप्प बसवलं. घरी लेक सृष्टी फार चिवचिवायला लागली, की तिलाही ती अशीच गप्प करायची.

मुलगी हसली नाही. तिनं वही मिटली आणि पुढं सबंध तास खिडकीकडं बघत राहिली.

सिंधुला यातलं काहीच आठवत नव्हतं. हे आपण केलं? कधी?

"रेकॉर्डिंग चालू व्हतं, म्हणून केलं असंल मॅडमनी," दयानंद सर घाईनं म्हणाले.

"असेल," गुरुबसप्पा सर म्हणाले. "मुलीचं नाव काय, मॅडम?"

सिंधुनं तोंड उघडलं. नाव येईना.

चहाच्या सुट्टीत तिनं रूपालीला फोन लावला.

"तिसऱ्या बाकावरची? विशाखा. तिनं तर कॉलेज सोडलं की, मॅडम! व्हिडिओ काढला ना, तवापासून आलीच न्हाई. कापडाच्या दुकानात हाय आता. तुमाला ठाव न्हाई?"

रूपालीनं नंबर दिला. सिंधुनं तो लगेच लावला.

"मॅडम?" विशाखा दबकत बोलली. "काय चुकलं का माझं?"

"नाही गं. त्या व्हिडिओच्या तासाला तू हात वर केला होतास. काय विचारायचं होतं तुला?"



"आता न्हाई आठवत, मॅडम."

"परत येतेस का कॉलेजला? मी घरी येऊन बोलते."

"घरचे कुणी न्हाई म्हनत न्हाईत. मलाच वाटलं, आपल्याला जमून न्हाई राहिलं." मग घाईत, "एक मिनिट हां मॅडम, गिऱ्हाईक आलंय."

फोन चालूच राहिला.

"या मावशी, बसा. ह्याचा रंग? जात न्हाई. गेला तर इथं येऊन मला चार शिव्या घाला! अन् हे नुसतं नेऊ नका, अस्तर लागंल. उनात आरपार दिसतंय, बघा धरून..."

ठणठणीत, हसरा, न अडखळणारा आवाज. जूनपासून ही मुलगी समोर बसत होती, आणि सिंधु तिला बोलताना आज पहिल्यांदा ऐकत होती.

"चला मॅडम, सर बोलावून राहिले," दारातून दयानंद सर म्हणाले.

सिंधुनं मानेनंच नाही म्हटलं. फोन कानाशी तसाच धरून ती जिन्याच्या पायरीवर बसली. तिकडं मावशी भाव करत होत्या, विशाखा हसत होती. मग कापड फाडल्याचा आवाज आला, सरळ, एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत.