मोईन हनीफ कोण?

मित्रांनो, मी एक जुना पितळी वायुभारमापक आहे. म्हणजे हवेचा दाब सांगणारा ब्यारोमीटर. आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. निरभ्र आकाश दिसलं की मला वाटतं, यात काहीतरी गोम आहे. शंका घेणं हाच माझा धंदा, त्याला मी तरी काय करणार?

माझा जन्म जर्मनीतल्या हॅम्बुर्गचा. एल्ब नदीकाठचं हे मोठं बंदर. समुद्र तिथून बराच लांब, तरी शहराचा सगळा जीव जहाजांत. कालव्यांच्या कडेला लाल विटांची उंच गोदामं आहेत, पाण्यात रोवलेल्या लाकडी खांबांवर उभी. त्यांत कॉफी, मसाले, इराणचे गालिचे. पूल इतके की मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही. तिथले व्यापारी मोजकंच बोलणार, पण हातात हात दिला की सौदा पक्का. हे शहर एकदा आगीत जळालं, पुढे युद्धात बॉम्बनी भाजून निघालं आणि दर वेळी पुन्हा उभं राहिलं. अशा गावात वाढल्यावर बिनघोर कोण राहील?

मी राहायचो ते घर येन्स नावाच्या मुलाचं. त्याचे वडील नदीवर बोट चालवत. ते रोज माझ्या काचेवर हलकी टिचकी मारत आणि मगच मला वाचत, कारण माझा काटा कधीकधी जागीच अडकतो. १९६२च्या हिवाळ्यात त्यांनी अशीच टिचकी मारली आणि काटा झपकन खाली आला. शेजारी हसले. समुद्र कुठे, आपण कुठे, इथं कसला पूर! येन्सच्या वडिलांनी कुणाचं ऐकलं नाही. बायकामुलांना घेतलं, मला काखोटीला मारलं आणि उंचावरचं बहिणीचं घर गाठलं. मग बंधारे फुटले. शहरात शेकडो माणसं गेली. तेव्हापासून मला कुणी संशयी म्हटलं की मी ते कौतुक समजतो.

येन्स मोठा होऊन कॅप्टन झाला आणि नोकरीसाठी मला घेऊन अमिरातीतल्या फुजैरा बंदराला आला. जहाजं इथं तेल भरून घ्यायला थांबतात. इथं माझी अब्रूच गेली हो! माझ्या तबकडीवरचे शब्द हॅम्बुर्गच्या हवेसाठी लिहिलेले. फुजैराच्या उन्हाळ्यात दाब आपोआप उतरतो, त्यामुळे माझा काटा महिनोन्महिने ‘पाऊस’ या शब्दावर, आणि बाहेर थेंब नाही. ऑफिसातले लोक मला झूठा म्हणू लागले. फक्त लाँचचा सुकाणी हनीफ तसं म्हणाला नाही. हा रत्नागिरीकडचा माणूस. कॅप्टननं त्याला शिकवलं, शब्द वाचू नकोस, काटा कुठून कुठे सरकला ते बघ. हनीफ ते मनापासून शिकला.

आता हॅम्बुर्गची एक सवय सांगतो. तिथे सकाळ असो की संध्याकाळ, माणूस भेटला की ‘मोईन’ म्हणतात. म्हणजे आपला नमस्कार, आपला सलाम. कॅप्टन पहिल्या दिवशी “मोईन!” म्हणाला तेव्हा हनीफनं मागे वळून पाहिलं, कुणाला हाक मारली म्हणून. मग म्हणाला, “सर, मेरा नाम हनीफ है.” कॅप्टन पोट धरून हसला. तेव्हापासून दोघांची ही रोजची थट्टा झाली. निवृत्त होताना कॅप्टननं मला हनीफला देऊन टाकलं आणि बाजारातून माझ्या पाठीवर इंग्रजी अक्षरांत कोरून घेतलं: ‘मोईन, हनीफ’. खाली फुजैरा आणि साल. कोरणाऱ्यानं मधला स्वल्पविराम खाल्ला. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती, पण माझं ऐकतो कोण?

पुढे हनीफची बायको मैमुनाबी आणि मुलगी सुमैय्या गावाहून इथं राहायला आल्या. मैमुनाबी म्हणजे माझी सख्खी बहीणच शोभेल. सुपरमार्केटात एकावर एक फुकट दिसलं तरी ही आधी तारीख तपासणार. रमजानच्या साफसफाईत तिनं मला भिंतीवरून उतरवलं, पाठ पुसली आणि तिचा हात थांबला. मोईन हनीफ. त्यांच्यात मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लागतं. तिची लेकसुद्धा शाळेत सुमैय्या हनीफच. मग हा मोईन हनीफ कोण? शिवाय गाव फुजैरा, आणि साल नेमकं ते, जेव्हा ती रत्नागिरीत होती आणि नवरा इथं एकटा.

मित्रांनो, तिनं नवऱ्याला विचारलं नाही. विचारलं ते शेजारच्या जुलेखाला. “साल घातलंय म्हणजे पैदाइशीचंच असणार. बघ बाई,” जुलेखा म्हणाली. खलास! त्या दिवसापासून घरातली हवा मला ओळखू येईना. हनीफ उशिरा आला तरी संशय, लवकर आला तरी संशय. त्यानं खजूर आणले तर अर्धे कुणाला दिले असतील, हा संशय. मला टॉवेलात गुंडाळून तिनं बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे टाकलं. अंधारात मला वाटलं, आता भंगारात जाणार. एका रविवारी आतून बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला आणि मग हनीफचा.

“ब्यारोमीटर कुठंय?”

“मोईनकडे पाठवला.”

“कुठला मोईन?”

“तुमचा मुलगा. मी सुमैय्याला घेऊन गावी चाललेय. तुम्ही त्याला सांभाळा.”

हनीफ हसत सुटला. नेमका नको तेव्हा हसला. “अगं, मोईन म्हणजे सलाम. कॅप्टनसाहेबांच्या गावचा.”

“सलामाला बापाचं नाव लागतं?” तिचा आवाज फाटला. “इतकी वर्षं मी गावी एकटीनं काढली, ती कुणाच्या भरवशावर?”

हनीफचं हसू तिथंच विरलं. त्यानं मोबाइलच्या बोटिम ॲपवर कॅप्टनला व्हिडिओ कॉल लावला. पलीकडून पहिला शब्द आला, “मोईन!” पण मैमुनाबी अशी थोडीच फसणार? “हे तुम्ही पढवून ठेवलंय,” ती म्हणाली आणि फोन ओढून घेतला. “साब, आप रास्ते पे हो ना? यल्ला, चलते रहो. लोगों को दिखाओ.”

एव्हाना सुमैय्यानं मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं होतं. “अम्मी, लेट हिम सी हिज होम,” ती म्हणाली.

आणि मला माझं गाव दिसलं. तोच भुरका पाऊस, तीच लाल गोदामं. एका जुन्या कोकोच्या गोदामावर आता काचेची चकचकीत इमारत उभी आहे, आत म्हणे गाण्याचे जलसे होतात. मला तिचा भरवसा वाटला नाही. म्हातारा येन्स भिजत चालत होता. फेरीबोटीवरचा माणूस त्याला म्हणाला, “मोईन.” पाव विकणारी बाई म्हणाली, “मोईन.” कुत्रा घेऊन निघालेले आजोबा म्हणाले, “मोईन.” मग उंच चर्चच्या मनोऱ्यावरून तुतारी ऐकू आली. तिथे वादक चारही दिशांना तोंड करून वाजवतो, फार जुना रिवाज आहे. मित्रांनो, मला रडू येत असतं तर मी तेव्हा रडलो असतो.

मैमुनाबी फोनकडे बघत राहिली. हळूच म्हणाली, “एवढ्या सगळ्यांचा बाप तर हे असू शकत नाहीत.” मग ओढणीत तोंड लपवून रडली, आणि रडता रडता हसली.

“मी तुला कधी सांगितलंच नाही,” हनीफ म्हणाला. “मधला स्वल्पविराम कोरायचा राहिला, तेही नाही. चूक माझी.”

“आधी बाजारात जा,” ती म्हणाली, “आणि तो स्वल्पविराम घालून आणा.”

आता मी पुन्हा भिंतीवर आहे. हनीफ कामावर निघाला की मैमुनाबी माझ्या काचेवर टिचकी मारते, काटा बघते आणि त्याला “मोईन” म्हणून निरोप देते. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं काही असेल तर ते पुसा, सांभाळा आणि त्याच्यावर लिहिलेलं कुठल्या गावचं आहे ते कुणालातरी विचारा. शंका जरूर घ्या, मी तर जन्मभर घेत आलो. पण काटा अडकलेला असू शकतो, म्हणून आधी टिचकी मारा. तो नवा स्वल्पविराम जरा खोल कोरला गेलाय, अजून पाठीत टोचतो. टोचू दे.