मिसोचा वास

"शत्रू आत शिरला की इथे त्याची मती गुंग व्हायची," वाटाडे तातेबे इवाओ पिवळी झेंडी हलवत म्हणाले. "किल्ल्याकडे जाणाऱ्या गल्ल्या पूर्वजांनी मुद्दाम वाकड्या बांधल्यात. इथला माणूस मात्र कधी चुकत नाही!"

अकरा पर्यटकांपैकी दहा हसले. अकरावी इवाओंची मुलगी सानाए. ती नागोयाहून आली होती ती गाव बघायला नव्हे, बापाला बघायला. मागच्या महिन्यात ते वाट चुकले म्हणून पोलिसांनी त्यांना दोनदा घरी आणून सोडलं होतं. तेव्हाच तिने ठरवलं, आजची फेरी नीट झाली तर बाबा इथेच राहतील, नाहीतर नागोयाच्या वृद्धाश्रमात.

इवाओंचं एक गुपित होतं. सामुराईंच्या आळीत ते भिंती बघून चालतच नसत, मातीच्या भिंती मेल्या सगळ्या सारख्याच. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या कारखान्याचा खारट, आंबूस वास आला की डावीकडे वळायचं. तीस वर्षं नाकाने दगा दिला नव्हता. आज, कित्येक महिन्यांनंतरच्या फेरीतही, ते वासाची वाट बघत चालत राहिले. एक वळण गेलं, दुसरं गेलं, आणि समोर गल्लीच संपली.

"मुद्दाम आणलंत ना?" ओसाकाच्या जाड्या काकांनी विचारलं. "म्हणजे आम्ही आता कैदी?"

"अर्थात! शस्त्रं खाली ठेवा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इवाओ मात्र पुन्हा पुन्हा मागचं वळण बघत होते.

सानाए जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, कारखाना एप्रिलमध्येच बंद झाला. तुम्हीच निरोपाला गेला होतात, नवा कोट घालून."

"मी?"

"घरी येऊन मला फोन केलात. रडत होतात."

त्यांनी नाक वर करून पुन्हा हुंगलं. नुसती थंड हवा.

"तुला ठाऊक आहे बाहेरची वाट?"

"तुम्हीच शिकवलीत. मी सात वर्षांची होते."

"मग इतका वेळ तोंडात मिठाची गुळणी का धरलीस? बापाची परीक्षा घेतेस होय गं?"

तिचे डोळे भरले. इवाओंना तिचा भयंकर राग आला आणि लगेच कीवही आली. बाप जिंकावा म्हणून पोरगी हरायलाच आली होती बिचारी.

त्यांनी झेंडी तिच्या हातात दिली. निघण्याआधी माणसं मोजायची, हा वाटाड्याचा पहिला नियम तिला लहानपणापासून पाठ होता. इवाओ जाऊन काकांच्या मागे रांगेत उभे राहिले.

"आठ, नऊ, दहा," आणि बापापाशी येऊन ती थांबली.

"मोज की," इवाओ म्हणाले.

"अकरा."

आकडा बरोबर जुळला.