बिनमच्छरदाणीचे पाडे

डॉक्टर मालिनी गायधनीला हरसूलच्या बाजूचे बारा पाडे तोंडपाठ झाले होते. अठ्ठ्याण्णव साली पावसाळ्याआधी तिने चिठ्ठ्या टाकून त्यातले सहा निवडले आणि तिथं औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्या. उरलेल्या सहांत काही द्यायचं नाही, फक्त दोन्हीकडच्या लहान पोरांचा हिवताप मोजायचा. फरक दिसला की पुढच्या साली सगळ्या डोंगरपट्टीला मच्छरदाण्या, असं तिच्या संशोधन संस्थेचे प्रमुख यज्ञेश्वर सर म्हणाले होते.

खोरीपाड्याची चिठ्ठी बिनमच्छरदाणीच्या बाजूला पडली. तिथल्या साळूबाईने पहिल्याच दिवशी तिला अडवलं. "वहळापल्याड माझी बहीण ऱ्हाते. तिला दिली, मंग आमची पोरं काय जड झालीत?"

"पुढच्या वर्षी तुम्हालाही मिळेल. तोवर ताप आला की लगेच भिमाजीकडं या, गोळ्या त्याच्याकडं आहेत," मालिनी म्हणाली. तिला स्वतःलाच ते उत्तर आवडलं नाही.

पावसाळाभर ती नाशिक रोडहून आठवड्यातून दोनदा एसटीने यायची. संस्थेचा आरोग्यसेवक भिमाजी त्याच भागातला. बोट टोचून रक्त काचपट्टीवर घेण्यात त्याचा हात हलका. मालिनी पोरांच्या पोटावर हात ठेवून डाव्या बरगडीखाली पाणथरी, म्हणजे प्लीहा, हिवतापाने सुजलीय का, ते चाचपायची.

डिसेंबरात आकडे हाती आले. मच्छरदाणीवाल्या पाड्यांत शंभरात अकरा पोरांना हिवताप, बिनमच्छरदाणीच्या पाड्यांत बारा. मालिनीने सगळ्या काचपट्ट्या पुन्हा तपासल्या. आकडा हलेना. आदल्या वर्षी याच बारा पाड्यांत तो तिसाच्या पुढे होता.

"या साली मच्छरच कमी असतील," ती भिमाजीला म्हणाली.

"नाय ताई. पल्याडच्या खोऱ्यात ताप हाय तेवढाच हाय." भिमाजी मान खाजवत उभा राहिला. "बोलू का? रागवायचं नाय."

मग त्याने सांगितलं. पहिल्या पावसापासून खोरीपाड्याच्या बाया दिवस मावळायच्या आत पोरं घेऊन वहळ ओलांडायच्या. कुणाची बहीण तिकडं, कुणाची नणंद. आडवी झोपवली की एका मच्छरदाणीत सहा पोरं मावायची. बाकीच्या पाड्यांनीही तेच उचललं होतं.

"आणि तू मला आत्ता सांगतोयस?"

"तुम्ही इचारलं कवा? फारमात 'घरी मच्छरदाणी हाय का' एवढंच हाय. नाय, म्हून नाय लिवलं."

मालिनीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण रागवायचं कुणावर? फॉर्म तिनेच तयार केला होता. बाजाराच्या दिवशी तिने हरसूलला साळूबाईला गाठलं. साळूबाई वालाच्या शेंगांचे वाटे लावून बसली होती.

"औंदा माझ्या पोरीला एकदाबी ताप नाय आला," साळूबाई हरखून म्हणाली. "झालं ना तुमचं काम?"

"झालं. पण कागदावर नाही झालं."

"मंग लिवा की कागदावर. आमी सगळ्या सांगतो."

तीन आठवडे मालिनी पुन्हा घरोघर हिंडली. एकच प्रश्न विचारला: पोर कुठं झोपत होतं? बायांनी काही लपवलं नाही. मच्छरदाणीत झोपलेल्या पोरांत शंभरी सात, न झोपलेल्यांत तेहतीस. तो तक्ता घेऊन ती यज्ञेश्वर सरांसमोर उभी राहिली.

सरांनी तक्ता शांतपणे वाचला. "चिठ्ठीने ठरलं तशीच तुलना करायची, मालिनी. निकाल लागल्यावर प्रश्न बदलता येत नाही. उद्या कुणीही मनासारखा आकडा काढेल."

"सर, पण मुलं वाचली आहेत. दोन्हीकडची."

"मला दिसतंय ते. तळटीप दे."

हाच नियम ती स्वतः विद्यार्थ्यांना घसा फोडून शिकवत आली होती. सर चुकत नव्हते, आणि हेच तिला सगळ्यात जास्त खुपत होतं. अहवालात तिच्या तक्त्याच्या वाट्याला बारीक टाइपातल्या दोन ओळी आल्या. वरच्या कार्यालयाने त्या वाचल्या की नाही कोण जाणे; पत्र आलं ते एवढंच, की उपयोग सिद्ध न झाल्याने योजना पुढे चालू ठेवता येत नाही. नव्या मच्छरदाण्या नाहीत, आणि जुन्यांना पुन्हा लावायचं औषधही नाही.

मालिनीने तीन अर्ज केले. दोन अर्जांना उत्तर नाही, तिसरा 'योग्य मार्गाने पाठवा' असा शेरा घेऊन परत आला.

पुढच्या श्रावणात ती रजा टाकून खोरीपाड्याला गेली. वहळापल्याडच्या मच्छरदाण्या धुऊन धुऊन विरल्या होत्या, त्यांतलं औषध कधीच उतरलं होतं. साळूबाईची पोरगी ओटीवर गोधडीत कुडकुडत होती. मालिनीने तिच्या पोटावर हात ठेवला. पाणथरी सुजून बरगडीच्या दोन बोटं खाली आलेली, लगेच हाताला लागली. तिने भिमाजीला गोळ्या काढायला सांगितल्या आणि पोरीचं डोकं मांडीवर घेतलं.

"ताई, औंदा फारम नाय आणला?" साळूबाईने विचारलं.

"नाही. या वर्षी मोजायचं नाहीये."

साळूबाई पाणी आणायला आत गेली. भिमाजीने मालिनीच्या तळहातावर गोळी ठेवली आणि तिने ती पोरीसाठी बोटांनी दाबून अर्धी केली.