दाराखालची फट

"खाली का नाही लावलं, बाबा?"

स्टुलावर उभ्या असलेल्या भालचंद्र सबनिसाने खाली पाहिलं. दाराला खालचीही बाजू असते हे जणू त्याला आत्ताच कळत होतं.

"पोलिसांनी नेलं," तो म्हणाला.

लीनाने बापाकडे पाहिलं, मग आईकडे. शारदा भाजी निवडत होती. तिने मान वर न करता ओठ मुडपले.

वास्तविक ते खरं होतं. आदल्या संध्याकाळी रबरी पट्टीचं वेटोळं पिशवीत घालून भालचंद्र खिदिरपूरच्या कारखान्यातून बेहालाला घरी निघाला होता. माझेरहाट पुलाशी हवालदाराने त्याला अडवलं. साल एकाहत्तर, नक्षलवाद्यांच्या धरपकडीचं. त्या वर्षी कलकत्त्यात जो कुणाचा संशय घेत नसे, तोच संशयास्पद ठरे. हवालदाराने पिशवीत हात घातला, काहीतरी मऊ, पोकळ, वेटोळं हाताला लागलं, आणि तो हात झटकन बाहेर आला.

"ये क्या है?"

"दरवाजे का रबर."

"दरवाजे को रबर काहे को?"

"अंदर की बात बाहर न जाए, इसलिए."

एकाहत्तर सालच्या कलकत्त्यात पोलिसाला देण्यासारखी याहून वाईट उत्तरं फारशी नव्हती. मग जमादार आला, मग जीपमधला साहेब. साहेबाने पट्टी दाबली, हुंगली, भालचंद्राचं आडनाव दोनदा म्हणून पाहिलं, आणि दाराच्या रुंदीएवढा तुकडा 'नमुना' म्हणून कापून ठेवून घेतला. भालचंद्राने त्याचे आभार मानले. मनापासून मानले, हे साहेबाला सर्वांत संशयास्पद वाटलं.

पण त्याला इलाज नव्हता. त्या साहेबाने भालचंद्राला मोठ्याच पेचातून सोडवलं होतं.

पेच असा. भालचंद्र रबराच्या कारखान्यात तपासनीस होता. सोऱ्यातून शेव पडावी तसं तिथे साच्यातून रबर लांबच्या लांब बाहेर येई. कुठे नुसती नळी, कुठे नळीला चिकटलेली सपाट शेपटी, कुठे पत्र्याच्या धारदार कडेवर चढवायची खाचेची पट्टी. दाबलं की दबायचं आणि सोडलं की पुन्हा जागेवर यायचं, एवढंच त्या रबराचं काम. ते करतं की नाही हे अंगठ्याने दाबून पाहायचं, हे भालचंद्राचं. पुढे पुढे तो अंगठा घरातही चालू लागला. तो पाव दाबून पाही, उशा दाबून पाही, भाचीला पाहायला आलेल्या मुलाचा दंडसुद्धा त्याने दाबून पाहिला होता. टेबलाच्या कडा, डब्यांची झाकणं, सगळ्यांवर त्याने रबर चढवलं होतं. एकदा विळीच्या पात्यालाही टोपी घातली. शारदेने ती काढून कांदा चिरला आणि विषय संपवला.

अशा माणसाकडे त्याच्याच मुलीने दाराला रबर मागितलं. "तुमच्या खोकल्याने आम्हाला वाचता येत नाही," म्हणे. 'आम्ही' म्हणजे ती आणि तिची मैत्रीण शकुन. शकुनचे वडील बँकेचे साहेब, पुण्याहून बदलून आलेले. पण दोघींची परीक्षा तर कधीच झाली होती. मग वाचायचं काय? त्याहून भयंकर म्हणजे, दाराशी सहज थांबला असता भालचंद्राला आतून मराठी ऐकू आलं होतं. लीना मराठी बोलत होती. मराठीत हाक मारली की बंगालीत ओ देणारी मुलगी दार लावून मराठी बोलते, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. शेजारच्या गल्लीतली दोन मुलं घर सोडून गेली होती, ती कुठे गेली हे विचारायचीही सोय नव्हती.

तर, रबर चांगलं बसवावं तर आतलं कळणार नाही. वाईट बसवावं तर बसवणारा भालचंद्र सबनीस. त्याने पास केलेल्या रबरातून जहाजाच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता. पोलिसांनी तुकडा कापला आणि दोन्ही भालचंद्रांची सोय झाली. तीन बाजू उत्तम, चौथी सरकारजमा. नवा तुकडा तो दुसऱ्या दिवशीही आणू शकला असता. तसं त्याला कुणी विचारलं नाही.

तीन बाजू त्याने गोदीतल्या रीतीने तपासल्या. गोदीत जहाजाच्या लोखंडी झाकणाखालच्या कडेला खडू फासायचा, झाकण बंद करायचं, उघडायचं. रबरावर पांढरी रेघ अखंड उमटली तर ठीक, तुटली तर तिथून पाणी शिरणार. भालचंद्राने अख्ख्या चौकटीला खडू फासला. रेघ अखंड उमटली. संध्याकाळी शकुन आली, दार लागलं, आणि त्याने कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. त्याला अभिमान वाटला आणि राग आला.

जेवताना शारदा म्हणाली, "अहो, कानाला काय लागलंय?"

पांढरी रेघ कानापासून गालापर्यंत अखंड उमटली होती.

"खडू. तपासणी केली."

"कानाने तपासतात?" लीनाने विचारलं.

"काही ठिकाणी," भालचंद्र म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

रविवारी तो दाराखालच्या फटीशी आडवा झाला. शारदा वाळवणाचं ताट घेऊन आली.

"काही पडलंय?"

"चष्मा."

"तो डोळ्यांवर आहे," असं म्हणून ती त्याला ओलांडून गेली.

आत शकुन म्हणत होती, "पुन्हा. मी काका. बस समोर."

मग शकुन खोकली. खोकला हुबेहूब होता. भालचंद्राच्याही घशात खवखवलं, पण आतला भालचंद्र आधीच खोकला होता म्हणून त्याने आवरलं.

"बाबा, मला नोकरी मिळाला," लीना म्हणाली.

"मिळाली."

"मिळाली. पोर्ट ब्लेअरला. शाळेत, भूगोल शिकवायचा."

"असं? अर्ज करायला कुणी सांगितलं? कोण आहे तो?" आतला भालचंद्र गुरगुरला.

"कोणी नाही. जाहिरात पाहिली."

"शाळा आहे कशावरून? कुणी डोळ्यांनी पाहिलीय?"

"शकुनचे मामा तिथेच आहेत, बाबा. त्यांनी पाहिली."

"जाणार कशी? कोणतं जहाज? त्याचं रबर कुणी तपासलंय?"

दोघी हसल्या. बाहेरच्या भालचंद्राला हसण्यासारखं काही दिसेना. प्रश्न रास्त होते, त्यानेही हेच विचारले असते, याच क्रमाने. आतला माणूस त्याला एकंदरीत पटला.

"आता शेवटचा," शकुन म्हणाली आणि आवाज खाली आणला. "आणि आम्ही?"



"हा नको," लीना म्हणाली.

"अगं, काका विचारणारच. उत्तर ठरवून ठेव."

"नाही आहे माझ्याकडे उत्तर. त्यांनी असं विचारलं तर मी नाही जाणार. तिथेच फाडून टाकीन नेमणुकीचा कागद."

भालचंद्र उठला तेव्हा त्याच्या गालावर फरशीची नक्षी उमटली होती. मोरीत जाऊन त्याने उगाचच तोंड धुतलं.

सोमवारी त्याने कारखान्यातून तुकडा आणला. या खेपेस पुलावर कुणी अडवलं नाही. दाराच्या खाली पट्टी ठोकून त्याने दार ओढलं. आतल्या बोलण्याचा आवाज कापल्यासारखा थांबला.

लीना बोलली ती बुधवारी, जेवताना. शकुनलाही तिने ठेवून घेतलं होतं. जेवण संपत आलं होतं. भालचंद्राने ताटावर हात आडवा धरून शारदेला भात नको म्हणून सांगितलं होतं.

"बाबा, मला नोकरी मिळाली. पोर्ट ब्लेअरला. शाळेत, भूगोल शिकवायचा."

शारदेने भाताचं पातेलं खाली ठेवलं. भालचंद्र खोकला.

"अर्ज करायला कुणी सांगितलं?" त्याने विचारलं. "कोण आहे तो?"

"कोणी नाही. जाहिरात पाहिली."

"शाळा आहे कशावरून? कुणी डोळ्यांनी पाहिलीय?"

लीनाचा आवाज मोकळा होत चालला. मामांचं तिने नीट, संपूर्ण वाक्यात सांगितलं. एवढं सलग मराठी ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती.

"कोणतं जहाज?"

तिने नाव सांगितलं. ते जहाज त्याला माहीत होतं. झाकणं जुनी होती, पण तो म्हणाला, "चांगलं आहे."

मग तो थांबला. शकुनचा घास हातातच राहिला. लीनाने मान खाली घातली आणि ताटाची कड घट्ट धरली.

"आणि," भालचंद्र म्हणाला.

शारदा त्याच्याकडे बघत होती.

"आणि भात आहे का अजून?"

शारदेने पातेलं उचललं आणि खरवडून सगळा भात त्याच्या ताटात वाढला. पोट भरलेलं होतं, तरी त्याने तो हळूहळू, शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. समोर लीना शकुनला सामानाचं काहीतरी सांगू लागली होती, बंगालीत, भराभर.