पुलाचे फोटो कोणाचे

आमच्या स्टुडिओत कॉम्प्युटर माझ्या ताब्यात आहे आणि तो मी कोणाच्या बापाला देणार नाही. सासरे फोटो उत्तम काढतात, सासूबाई त्याहून उत्तम. पण फाइल कुठे ठेवली असं विचारलं, की दोघंही छताकडे बघतात.

त्या सकाळी नदीवरच्या जुन्या पुलाचे फोटो प्रकाशकाकडे पाठवायचे होते. पूल पाडून झाल्यावर सगळ्यांना त्याचा उमाळा आला होता, म्हणून त्याच्यावर पुस्तक निघत होतं. प्रत्येक फोटोच्या फाइलीच्या पोटात थोडी माहिती असते: कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने, कोणी. प्रकाशक नाव तिथूनच उचलून फोटोखाली छापणार होता. मी फाइली उघडल्या, तर प्रत्येकीत छायाचित्रकार म्हणून सासरेच!

कॉम्प्युटर नवा असताना त्यांनी हौसेने स्वतःचं नाव घालून ठेवलं होतं. तेव्हापासून कॅमेऱ्यातलं कार्ड कॉम्प्युटरला खोचलं की ते आपोआप येऊन चिकटायचं, फोटो कोणी का काढलेला असेना.

सासूबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "या पुस्तकात माझं नाव नसेल, तर माझे फोटोही नसतील," त्या म्हणाल्या. "काढून घे सगळे."

"अगं, घरातलेच फोटो, घरातलंच नाव," सासरे काउंटरमागून म्हणाले. "आणि आता कुठला कोणाचा, हे ओळखणार कोण?"

"मी ओळखणार," मी म्हणाले. घरातलंच नाव म्हणे! माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

आमच्या घरी टूथब्रश आणि कॅमेरा दुसऱ्याचा वापरायचा नाही. हा नियम सासऱ्यांचाच. त्यांच्या कॅमेऱ्याला कोणी नुसता हात लावला तरी ते घर डोक्यावर घेतात. आणि कॅमेरा आपला क्रमांक प्रत्येक फाइलीत टाकून ठेवतो, नाव कोणाचंही चिकटवा. मी सासूबाईंचा कॅमेरा उलटा करून तळाचा क्रमांक वाचला आणि कॉम्प्युटरला तो शोधायला लावला. त्यांचे फोटो पटापट एका बाजूला येऊन बसले. निम्म्याहून जास्तच होते.

"बाप रे," सासरे म्हणाले.

त्यांतच मुखपृष्ठासाठी ठरलेला फोटो निघाला: धो धो पावसातला पूल, मधोमध एक पाठमोरा माणूस, हातात उलटी झालेली छत्री. हा फोटो दाखवताना सासरे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, की यापायी मी तासभर भिजलोय.

सासूबाई माझ्या कानाशी वाकल्या. "तेवढा सोड. बाकी सगळ्यांवर माझं नाव घाल."

"का म्हणून?"

"सांगून सांगून त्यांना आता खरंच वाटायला लागलंय गं. राहू दे."

"मुळीच राहू देणार नाही," मी म्हणाले, आणि ते जरा मोठ्यानेच झालं. मुखपृष्ठ म्हणजे काय चेष्टा आहे? त्यांचा सगळ्यात देखणा फोटो, आणि तोच दान करायला निघाल्या होत्या. मला त्यांचा राग आला आणि मायाही तितकीच दाटून आली.

सासरे उठून आले. चष्मा कपाळावर चढवून ते पडद्यापाशी वाकले. "तो माणूस मोठा कर."

मी केला. माणसाच्या खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी होती, कोपऱ्यात पांढरं ठिगळ लावलेली. तीच पिशवी या क्षणी सासऱ्यांच्या खुर्चीला लटकत होती.

"मी भिजलो, ते काही खोटं नाही," ते म्हणाले. "हिने उभं केलं होतं मला तिथे. हलू नका म्हणाली, आणि छत्री उलटी झाली तरी हलू दिलं नाही. आता मीच तिथे उभा, तर फोटो काय नदीने काढला?"

सासूबाई एकदम छताकडे बघायला लागल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

मी त्यांचे सगळे फोटो एकदम निवडले, मुखपृष्ठासकट. छायाचित्रकाराच्या रकान्यात त्यांचं पूर्ण नाव एकदाच टाइप केलं आणि बटण दाबलं. एका दमात सगळीकडे नाव बदललं.

"थांब, पाठवू नकोस," सासरे म्हणाले. "फोटोत कोण आहे ते लिहायला जागा असते ना? मुखपृष्ठाच्या फोटोत ती भर."

"काय लिहू?"

त्यांनी सावकाश सांगितलं, आणि मी तसंच लिहिलं: 'छत्री असून भिजलेला माणूस: छायाचित्रकाराचा नवरा.'