रंगाखालचे ठिपके

माझा मामा माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि जगातली कुठलीही गोष्ट रंगीत कड्यांत दाखवायची त्याला भारी हौस आहे. जमिनीत कुठे ओल जास्त, कुठे कमी, याचे तो संगणकावर आलेख काढतो. मधे गडद लाल, त्याभोवती नारिंगी कडं, मग पिवळं, मग फिकट होत होत कोरं पांढरं. दिसायला सुरेखच. पण त्या सुरेखपणापायी अंतिम सामन्यातली माझी जागा जायची वेळ आली होती.

मी आमच्या क्लबच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. मामा माझा एकही सामना चुकवत नाही. गोलच्या बरोब्बर मागे बसतो, म्हणजे त्याची डावी बाजू तीच माझी डावी. मोबाइलवर त्याने गोलची चौकट काढून ठेवलीय. चेंडू जिथे येईल तिथे तो बोट टेकवतो, आणि मी अडवला की गोल झाला, तेही नोंदवतो. हंगाम संपत आला तेव्हा त्याने ते सगळे ठिपके संगणकात घातले, त्यांची दाटी कुठे किती आहे याचा रंगीत आलेख काढला आणि मला न विचारता आमच्या कोच मॅडमच्या हातात नेऊन ठेवला. अशा वेळी मामाला कोण आवरणार?

आलेखात खालच्या डाव्या कोपऱ्यात हा एवढा लालभडक डाग होता.

"इथे तू कच्ची आहेस," मॅडम म्हणाल्या. "समोरच्या संघानेही हे ओळखलेलं असणार. रविवारी गोलमध्ये लंबू उभी राहील."

लंबू म्हणजे आमची राखीव गोलकीपर, माझी मैत्रीण. तिचे हात कपाटावरचा डबा स्टुलाशिवाय काढतात.

"मॅडम, तिथे चेंडू येतात. गोल नाही होत."

"उगाच का एवढं लाल झालंय?"

खरं कारण मला ठाऊक होतं, पण ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मी मुद्दाम अर्धं पाऊल उजवीकडे सरकून उभी राहते. डावीकडे मोकळी जागा दिसली की मारणारीच्या तोंडाला पाणी सुटतं, ती खाली डावीकडेच मारते आणि मी तिथेच झेपावायला टपलेली असते. पण आता हे सांगितलं असतं तर ती सारवासारव वाटली असती.

शुक्रवारी दुपारी मी तणतणत मामाच्या प्रयोगशाळेत गेले. मातीचे पत्र्याचे डबे वाळवायच्या भट्टीत रांगेने बसले होते आणि मामा स्वतःचा डबा उघडून जेवायला बसला होता.

"माझी वाट लावलीस तू," मी म्हणाले.

"चांगला तर आलाय आलेख."

"त्यात ठिपके कुठेत? अडवलेले कुठले, गेलेले कुठले?"

"ते रंगाखाली गेले. अगं, आमच्याकडे ठिपका म्हणजे माती कुठून उकरली तो खड्डा. सगळे खड्डे सारखेच. ते कोण बघतं?"

मी कपाळाला हात लावला. लंबू माझ्या जागी उभी राहणार हे सांगितलं, तेव्हा कुठे मामाचा घास हातातच राहिला. बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला. डबा तसाच टाकून तो संगणकाकडे वळला.

त्याने नुसत्या ठिपक्यांचा वेगळा आलेख काढला. अडवलेला चेंडू म्हणजे पोकळ वर्तुळ, आत गेलेला म्हणजे काळा ठिपका. मग दोन्ही आलेख एकावर एक ठेवले, तर अर्धे चेंडू गोलच्या बाहेर. प्रत्येक आलेखाने आपली मोजपट्टी आपल्या मनाने घेतली होती.

"या हिशेबाने तू प्रेक्षकांतही झेपावलीस," मामा म्हणाला. रागात होते तरी मला हसू फुटलं.

त्याने दोन्ही मोजपट्ट्या एकमेकींना बांधल्या. ठिपके जागेवर आले, पण पुन्हा रंगाखाली दडले. मग त्याने रंगाचा थर खाली ढकलला, इतका फिका केला की नुसत्या रेषाच उरल्या, आणि ठिपके वर आणले.

लाल डाग पोकळ वर्तुळांनी गच्च भरला होता. त्यात काळा ठिपका एकच. माझा जीव भांड्यात पडला.

आणि मग वरचा डावा कोपरा दिसला. तिथे चेंडू फार येत नाहीत, म्हणून रंगही नव्हता. ज्या पांढऱ्याला मॅडम बिनधोक समजल्या होत्या, तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ठिपके होते आणि ते सगळे काळे. जिला माझी चाल कळली, तिने चेंडू उचलून वरून मारला होता. माझी शक्कल आणि माझी उणीव, दोन्ही एकाच पडद्यावर उघडी पडली.

मामाने माझ्याकडे पाहिलं. "तो कोपरा लपवू का? कुणाला कळणार नाही."

मोह झाला, खोटं कशाला बोलू. अंतिम सामना रोज येत नाही.

"नको," मी म्हणाले. "असाच छाप."

संध्याकाळी मैदानावर मॅडमनी तो कागद बराच वेळ पाहिला.

"अर्धं पाऊल?"

"हो."

"आणि हे काळे?"

"वर मारलं की माझा हात पोचत नाही."

मॅडमनी कागद घडी करून खिशात घातला, चेंडू समोर ठेवला आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात मारला. मग पुन्हा. मग पुन्हा. मी सगळे सोडले. शेवटी लंबूच पुढे आली आणि माझा उजवा पाय धरून म्हणाली, "आधी या पायाने जमीन ढकल गं. हात आपोआप येतो." अंधार पडेपर्यंत आम्ही तेच करत होतो. नंतरनंतर बोटं चेंडूला लागायला लागली.

"रविवारी तूच," मॅडम म्हणाल्या. मी लंबूकडे पाहिलं. तिने मला कोपराने ढोसलं. "सुटले बाई. रविवारी ताप आलाय म्हणून सांगायचं ठरवलं होतं मी."

रविवारी आम्ही एका गोलने पुढे होतो. खाली डावीकडे आलेले चेंडू मी एकेक करून उचलले. शेवटी शेवटी त्यांची कप्तान एकटीच समोर आली. तिने मोकळी जागा पाहिली, माझे पाय पाहिले, चक्क हसली आणि चेंडू वर उचलला.

मी जमीन ढकलली. बोटांची टोकं लागली, चेंडू दांडीवरून पलीकडे गेला आणि आम्ही जिंकलो.

सगळ्यांच्या मिठ्यांतून सुटून मी मामाकडे धावले. तो खुर्चीवर उभा होता आणि त्याचा आवाज बसला होता. मी त्याचा मोबाइल ओढून घेतला. वरचा डावा कोपरा रिकामाच होता.

"मामा, हाच नेमका टिपला नाहीस? कुठे आला होता ते तरी आठवतंय का?"

"चेंडू कोण बघत होतं?" मामा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी तुला बघत होतो."